लाईन नसलेला समुद्र

माझी बायको मागच्या ऑगस्टात गेली. हार्टनं गेली, गुडघ्यानं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मयतीला आलेल्या एका नात्यातल्या बाईनं माझ्या देखत म्हटलं, "बुढीले मुंबईत चालवू चालवू थकवलं या बुढ्यानं." मी तेव्हा काही बोललो नाही. बोललो असतो तर भांडण झालं असतं आणि तिरडी तशीच राहिली असती. मुंबईचं काय झालं ते मी आता शांतपणे लिहितो.

मी रेल्वेत चावीवाला होतो. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन आपल्या हद्दीतली पटरी पायी तपासायची, हे चावीवाल्याचं काम. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या धक्क्यानं ढिल्या होतात, त्या ठोकत जायचं. चौतीस वर्षं हेच केलं. माझं पाऊल अजूनही स्लीपर ते स्लीपर पडतं, डांबरी रस्त्यावरसुद्धा. बायको म्हणायची, "पोराच्या लग्नातबी तुम्ही मांडवात मोजूनच चालले."

रेल्वेचा पास होता म्हणून आम्ही दर सहा डिसेंबरला दादरला जायचो. घरून भाकरी बांधून न्यायच्या, लाईनीत लागायचं, सहा तास, कधी आठ तास. पाया पडलं, मेणबत्ती लावली, एखादं पुस्तक आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर घेतलं, की परत स्टेशन. बायको अशी वीस-पंचवीस वेळा मुंबईला गेली असेल. समुद्र चैत्यभूमीच्या मागंच आहे. पण ती पाच फुटाच्याही आतली. घरी आल्यावर एकदा मला म्हणते,

"अवो, समुद्र दिसला म्हणता ना तुम्ही?"

"दिसला ना. तुले नाई दिसला?"

"मले एका अकोल्याच्या माणसाचं शर्ट दिसलं. चौकडीचं होतं."

आम्ही हसलो आणि विसरलो. म्हणजे मी विसरलो.

पुढं तिचे गुडघे गेले. डॉक्टरनं फोटो काढून उजेडावर धरला आणि म्हणाला, वर्षभरात वाट्या बदलाव्या लागतील, नाहीतर बाई घरातल्या घरात भिंत धरून चालेल. ऑपरेशनला तिनं तिथंच नाही म्हटलं. घरी येऊन चहा ठेवला आणि चहा उकळता उकळता म्हणाली, "मले मुंबईत नेजा."

"पुढच्या डिसेंबरात जाऊच ना."

"तसं नाई. एक दिवस फिराले. पोरगा, सून, नात, सगळे संगं. गाडीतून उतराचं अन् समुद्रापर्यंत पायी जाचं. मोकळा समुद्र पाहाचा."

"पायी काऊन? टॅक्सी भेटते तिथं."

"टॅक्सीत तुम्ही लोकं खिडकीतून बोट दाखवता, ते पाहा, ते पाहा. तवरक ते मागं गेलं राह्यते. मी उगाच हो हो म्हणते. पाय हायेत तवरक पायानं पाहू द्या."

"पायाचा फोटो पाह्यला ना तू?"

"डॉक्टरनं पाह्यला. मले काय समजते त्यातलं."

तिनं आयुष्यात माझ्याजवळ फार काही मागितलं नव्हतं. आणि हे एक वर्षाच्या आत करायचं होतं, नाहीतर कधीच नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी मुंबईत नोकरी करणाऱ्या पोराला फोन लावला.

"मोठ्या स्टेशनापासून समुद्र किती लांब हाये?"

"कोणत्या जागचा समुद्र, बाबा?"

"किती जागी हाये तिथं?"

तो हसायला लागला. "बाबा, मुंबईले तिन्ही बाजूनं समुद्रच हाये."

"मंग जवळचा सांग. हसू नको."

त्यानं गेटवे सांगितलं. अडीच किलोमीटर. वाटेत आधी फाउंटन, मग काळा घोडा, मग गेटवे. मी विचारलं, फाउंटन किती, तिथून घोडा किती, घोड्यापासून गेटवे किती. त्यानं फोनात पाहून सांगितलं, मी कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडले. तो म्हणाला, नकाशा पाठवतो. मी म्हटलं, नको. नकाशात तुझ्या आईचे गुडघे नाहीत.

आमच्या पटरीवर किलोमीटरला सोळाशे साठ स्लीपर. माझी पावलंही तेवढीच. मी दुसऱ्या दिवशी आमच्या नाचणगावातल्या घराच्या उंबऱ्यापासून पुलगावच्या रस्त्यानं मोजत निघालो. फाउंटन बसलं रस्त्याकडच्या एका चिंचेजवळ. काळा घोडा आला पिठाच्या गिरणीपाशी. आणि गेटवे आलं पुलगावच्या कपड्याच्या मिलच्या भिंतीला. रेल्वेच्या गँगमध्ये करतो तशी प्रत्येक ठिकाणी चुन्याची खूण केली. मध्ये कुठं बसायचं तेही ठरवलं. एका नाल्याच्या मोरीचा कठडा, एका बंद दुकानाचा ओटा, एका ओळखीच्याच्या घरापुढची बाज.

घरी येऊन सांगितलं, "मुंबई मोजून आलो. उद्यापासून चालाचं."

डिसेंबरची थंडी लागली होती. पहिल्या दिवशी ती मोरीवरच बसली.

"अजून फाउंटनबी आलं नाई," मी म्हटलं.

"नाई आलं त नाई आलं. ते काय पळून चाललं?"

मी पुढं आणि ती मागं, असं आमचं चालणं. मला हळू चालता येत नाही. ती मागून ओरडायची, "अवो, मागून गाडी येऊन राह्यली का तुमच्या?" मी थांबायचो. ती आली की परत निघायचो. म्हणजे तिला थांबायला वेळच मिळायचा नाही, हे मला फार दिवसांनी कळलं, तेही तिनंच सांगितलं तेव्हा.

आठ-पंधरा दिवसांत ती चिंचेपर्यंत गेली. मग गिरणीपर्यंत. परत येताना ऑटो करायचो, कारण मला जाण्याचीच काळजी होती. शेजारची बाई अंगणातून विचारायची, "आज कुठवर गेलत्या?"

"काळ्या घोड्यापर्यंत."

"कोणाचा घोडा वं?"

"सरकारचा."

हळूहळू अख्ख्या गल्लीला कळलं की हे दोघं रोज सकाळी मुंबईला जातात. गिरणीवाला आम्हाला पाहिलं की पीठ झाडत बाहेर यायचा आणि विचारायचा, "आज गर्दी कशी हाये?" बायको त्याला म्हणायची, "तुह्या गिरणीपाशीच जाम हाये, बाजूले सर."

ज्या दिवशी ती मिलच्या भिंतीपर्यंत पोचली, त्या दिवशी तिनं भिंतीला हात लावला. घाम आला होता. पदरानं मान पुसली.

"हा समुद्र?"

"हा."

"लय कोरडा हाये."

आणि तिथंच भिंतीला टेकून इतकी हसली की रस्त्यावरची माणसं थांबून पाहायला लागली. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं असं रोज सकाळी एकमेकांसंगं कुठं गेलो नव्हतो. मी पटरीवर असायचो, ती घरात. एकदा ती म्हणाली, "मुंबई जमली नाई तरी चालते, पण हे बंद नोका करजा." मी तेव्हा तिला रागावलो. म्हटलं, ठरवलं म्हणजे ठरवलं.

तिकडं मुंबईत माझी नात, अकरा वर्षांची, तिनं वेगळाच बेत केला होता. रंगीत पेनानं सात ठिकाणांची यादी. सुनेनं फोनवर वाचून दाखवली आणि मला विचारलं, "बाबा, तुमच्या यादीत काय काय आहे?"

"गेटवे."

"आणि?"

"परत स्टेशन."

"मग दिवसभर करायचं काय?"

"चालाचं."

नातीनं फोन घेतला. म्हणाली, "आजोबा, मी माझी यादी पण आणते. उपयोग होईल." मी म्हटलं आण. लेकराचं काय, ठेवील खिशात.

जानेवारीत आम्ही गेलो. गाडी सकाळी लागली. ते तिघं फलाटावर आले होते. सामान स्टेशनातच ठेवायला दिलं, फक्त तिखट पुऱ्यांचा डबा आणि पाणी संगं घेतलं. बाहेर आल्यावर बायकोनं मागं वळून स्टेशनाची इमारत पाहिली, घुमटापासून खालपर्यंत.

"हे स्टेशन हाये? मले वाटलं कोर्ट."

पहिला घोळ तिथंच झाला. रस्ता ओलांडायला जमिनीखालून जायचं होतं, आणि खाली जायला जिना. वर यायला दुसरा. मी मुंबई मोजली होती ती सपाट. नाचणगावच्या रस्त्यात जिना कुठून येणार? बायको आडवी होऊन एकेक पायरी उतरली, कठडा धरून. माणसं दोन्ही बाजूंनी धावत होती. मी खाली उभा राहून पायऱ्या मोजत होतो. ती म्हणाली, "मोजू नोका. मोजल्यानं कमी होत नाईत."

पण पुढं ती चांगली चालली. पारशांच्या जुन्या इमारती, खांबांच्या सावलीत बसलेले पुस्तकवाले, ऑफिसात पळणाऱ्या पोरी, सगळं थांबून थांबून पाहिलं. फाउंटन दिसल्यावर मला म्हणाली, "चिंच आली."

नात इकडंतिकडं पाहायला लागली. "आजी, कुठे चिंच?"

"तुले नाई दिसत. तुह्या आजोबाले दिसते."

काळ्या घोड्याजवळ ती बराच वेळ उभी राहिली. घोडा खरंच काळा, पण पाठीवर कोणी नाही.

"याचा मालक कुठं गेला?"

पोरगा म्हणाला, "आई, जुना पुतळा दुसरीकडे नेला. त्यावर इंग्रजांचा राजा होता. हा नवीन केला, बिनमाणसाचा."

"बरं केलं. घोड्याले आराम."

तिथंच एका कठड्यावर बसून पुऱ्या खाल्ल्या. मी मनात खूश होतो. वेळेत होतो. माझ्या हिशेबानं आता गिरणी मागं पडली होती, राहिली फक्त मिलची भिंत.

गेटवेला पोचलो आणि ती थांबली.

समोर लोखंडी कठडे. त्यांच्या आत माणसांची लाईन, वळून परत वळलेली. पुढं बॅगा तपासायचं यंत्र. त्याच्या पुढं गेटवे, आणि त्याच्या मागं समुद्र असणार. मी पोराला एवढे दिवस किती लांब, किती लांब एवढंच विचारलं. तिथं गेल्यावर काय आहे, हे विचारलंच नाही. चावीवाल्याला किलोमीटरच्या खांबाचा नंबर लागतो, बाकी काही लागत नाही.

"चला आई, पंधरा मिनिटांत आत जाऊ," पोरगा म्हणाला.

"नाई."

"आई, समुद्र तिथंच हाये. दिसून राह्यला पाहा, बोटी दिसतात."

"बोटी दिसतात. समुद्र नाई दिसत. मी लाईन नाई लावणार."

मला राग आला. "दादरले आठ आठ तास उभी राह्यली, अन् इथं पंधरा मिनिटं नाई होत तुह्याच्यानं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प व्हायला पाहिजे होतं. "ती लाईन वेगळी हाये. तिथं आपण पाहाले नाई जात, मानाले जातो. त्या लाईनीत मी मरेपर्यंत उभी राहीन. समुद्रासाठी नाई राहणार."

"मंग घरचीच मिलची भिंत काय वाईट होती?" मी मोठ्यानं बोललो. फुगे विकणारी एक बाई थांबून पाहायला लागली.

हे मी बोललो ते चांगलं नाही केलं.  बायको नातीकडं वळली आणि म्हणाली, "बाई, तुह्या कागदात दुसरा समुद्र हाये का?"

नातीनं यादी काढली. "मरीन ड्राइव्ह. चार नंबर. तिथे लाईन नसते आजी. नुसता लांब कट्टा आहे, कोणीही बसतं."

"किती लांब?" हे मी विचारलं.

पोरानं फोनात पाहिलं. "दोन किलोमीटर. थोडं कमीच."

सून लगेच म्हणाली, "टॅक्सी करू. आई, पाच मिनिटांत पोचू."

 बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही सांगा. तुम्ही टॅक्सी म्हटलं त मी टॅक्सीत बसीन."

सहा आठवडे आम्ही चाललो होतो ते अडीच किलोमीटर. त्याच्या पुढं तिचं एक पाऊलही कधी पडलं नव्हतं. परत येताना ऑटो होता. हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. मी तिच्या पायांकडं पाहिलं. चपलेच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी पाय सुजून वर आला होता. टॅक्सी म्हणणं सोपं होतं. पण टॅक्सीत बसली असती तर पायानं समुद्र पाहायचं कायमचं राहिलं असतं, त्यासाठी परत मुंबईला येणं होणार नव्हतं. तीही आली नसती आणि मीही आणली नसती.

"रस्ता सरळ हाये का?" मी पोराला विचारलं.

"एकदम सरळ. मंत्रालयावरून."

मी नातीला म्हटलं, "बाई, दिव्याचे खांब मोज. पाच खांब झाले की आजीले बसवाचं. बसाले जागा नसली त उभं राहाचं. चल."

या वेळी पुढं नात आणि तिची आजी होती. रस्ता मला ठाऊक नव्हता, म्हणून मी मागं राहिलो. आणि मागं राहिलो म्हणून मला पहिल्यांदा दिसलं की ती चालते कशी. उजवा पाय सगळा एकदम टाकायची, फळी टाकावी तसा. डावा उचलत नव्हती, ओढत होती. प्रत्येक पावलाला खांदा एका बाजूला जायचा आणि ती तो परत आणायची. रोज सकाळी मी तिच्या पुढं चाललो होतो. मागं वळून पाहिलं की ती थांबून हसायची. चालताना मी तिला पाहिलंच नव्हतं.

दहा खांब झाले. एका बागेच्या कठड्याला टेकली, पाणी प्यायली. पंधरा झाले. मंत्रालयासमोर आली तेव्हा तिचा श्वास मला मागून ऐकू येत होता. तिनं मान वर करून एवढी मोठी इमारत पाहिली आणि पोराला विचारलं, "इथं लिफ्ट असन ना?" पोरगा हो म्हणाला. "बरं हाये," म्हणाली आणि पुढं निघाली.

मला राहवलं नाही. एक काळी-पिवळी टॅक्सी येत होती, मी गुपचूप हात केला. टॅक्सी कडेला लागली. बायकोनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"जाऊ द्या त्याले," म्हणाली.

टॅक्सीवाला माझ्यावर रागावला, दोन शब्द बोलला, निघून गेला. 

शेवटी मोठा रस्ता आडवा आला. सहा-आठ गाड्यांच्या ओळी, आणि पलीकडं नुसतं आभाळ. माणूस चालायचा दिवा हिरवा झाला, आम्ही निघालो, आणि ती अर्ध्यात असतानाच तो लाल झाला. गाड्या गुरगुरायला लागल्या. पोरगा आणि सून दोघं गाड्यांच्या पुढं हात पसरून उभे राहिले. नातीनंही हात पसरले. एकानं भोंगा वाजवला. बायको थांबली नाही की घाईही केली नाही. फळी टाकावी तसा उजवा, ओढून डावा. मी तिच्या मागं, तिच्याच पावलानं. पहिल्यांदाच माझं पाऊल स्लीपरवर पडलं नाही.

कट्टा कमरेएवढा होता. पोरानं आणि मी मिळून तिला वर बसवलं आणि समुद्राकडं तोंड करून दिलं. ना लाईन, ना कोणाची पाठ. ती बराच वेळ धापा टाकत होती.

थोड्या वेळानं मी विचारलं, "पाह्यला?"

"आत्ता त बसली. दम घेऊ द्या, मंग पाहीन. चूप बसा ना जराक."

मी चूप बसलो. पोरं भुट्टे आणायला गेली. वारा होता, ऊन फार नव्हतं. ती पाहत होती. मग म्हणाली, "त्या बाजूले काय हाये हो?"

"माहीत नाई."

"बरं हाये. नाईतर तुम्ही तेबी मोजून आले असते."

मी कट्ट्यावर तिच्याकडं तोंड करून बसलो आणि तिचा उजवा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला. चप्पल काढली. पट्ट्याचा वळ मांसात बसला होता. मी बोटानं दाबायला लागलो, टाचेपासून पोटरीपर्यंत. लग्नानंतर तिनं माझे पाय किती वेळा चेपले त्याची गणती नाही. मी तिचे कधी चेपले नव्हते. तिनं पाय मागं घेतला.

"अवो, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे."

"पोरं येतीन."

"येऊ दे."

मग तिनं पाय सोडून दिला, सैल, सगळा भार माझ्यावर टाकून. उजवा झाल्यावर मी डावा घेतला. पोरं भुट्टे घेऊन आली, आमच्याकडं पाहिलं आणि थोडी दूरच बसली. ती समुद्र पाहत होती आणि मी खाली मान घालून तिच्या पायाला लागलो होतो. समुद्र कसा होता म्हणून कोणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. तिला विचारायला पाहिजे होतं. तिनं पाहिला.